ओटीपी बघून परत आलो तर फॉर्म कोरा : ॲन्ड्रॉइड ॲपचं विसरणं कसं थांबवायचं

आधी लक्षणं. यातली एखादी तक्रार ओळखीची वाटली तर पुढे वाचा.

• अर्धा फॉर्म भरून ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलो, परत आलो तर ॲप पहिल्या पानावर.
• फोटो काढून ‘ओके’ दाबलं की ॲप बंद पडतं, किंवा फोटो येतो पण भरलेलं सगळं गायब.
• फोन आडवा झाला, किंवा संध्याकाळी डार्क मोड आपोआप लागला, की लिहिलेलं पुसलं जातं.
• तीन रकान्यांत तीन वेगळे आकडे भरले होते, परत आल्यावर तिन्हींत एकच आकडा.
• लांब यादीत खाली जाऊन एक नोंद उघडली, मागे आलो तर यादी पुन्हा वर.
• होम स्क्रीनवरच्या आयकॉनने उघडलं तर सुरुवातीपासून, रिसेंट्समधून (अलीकडे वापरलेल्या ॲपच्या यादीतून) उघडलं तर बरोबर जागी.
• आणि या सगळ्यावर डेव्हलपरचं उत्तर : ‘माझ्या फोनवर तर होत नाही.’

मी दूध संकलन, पिग्मी वसुली, घरोघरी सर्वेक्षण असल्या कामांची, म्हणजे आकडे भरायची ॲप दुरुस्त करतो. बहुतेक वेळा दुसऱ्याने बांधलेली. पिग्मी एजंटच्या किंवा संकलन केंद्रातल्या माणसाच्या हातात दोन-तीन जीबी रॅमचा फोन असतो, आणि नोंद भरताना मध्येच कुणाचा तरी कॉल येतोच. डेव्हलपरच्या टेबलावर बारा जीबीचा फोन, त्यावर दुसरं काही उघडलेलं नाही. त्याला हा दोष दिसणार कसा? म्हणून ‘होत नाही’ म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याने तो दोष कधी घडवून बघितलेला नसतो, एवढंच.

एक गोष्ट डोक्यात पक्की असली की पुढचं सोपं जातं. ॲन्ड्रॉइडवर स्क्रीन तीन वेगवेगळ्या प्रकारे मरते. पहिला प्रकार : फोन फिरला, भाषा बदलली, अक्षरांचा आकार बदलला, डार्क मोड लागला. यात ॲप जिवंत राहतं, फक्त स्क्रीन पाडून नव्याने उभी केली जाते. दुसरा : ॲप मागे असताना मेमरी कमी पडली म्हणून सिस्टिमने अख्खी प्रोसेस (मेमरीत चालू असलेलं पूर्ण ॲप) मारली. युजरला याचा पत्ताही नसतो. रिसेंट्समध्ये ॲपचं चित्र तसंच दिसतं. तिसरा : युजरने स्वतः ॲप वर सरकवून फेकून दिलं किंवा फोर्स स्टॉप केलं. पहिल्या दोन्हींत ‘मी जिथे होतो तिथेच असणार’ ही युजरची अपेक्षा रास्त आहे. तिसऱ्यात सिस्टिम जपलेली अवस्था (कुठलं पान उघडं होतं, काय भरलं होतं) टाकून देते. तक्रार कुठल्या प्रकारातली आहे हे न ओळखता कोडला हात लावला तर दिवस वाया जातो.

फुकटातली तपासणी : युजरला दोन प्रश्न

पहिला प्रश्न : ‘काम झालं की तुम्ही सगळी ॲप वर सरकवून साफ करता का?’ बरेच जण करतात. फोन हलका होतो, बॅटरी वाचते असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. तसं असेल तर हा तिसरा प्रकार. त्यावर अवस्था जपण्याचा कुठलाही नेहमीचा उपाय चालणार नाही, थेट मसुदा साठवण्याच्या भागाकडे जा. तो खाली शेवटी आहे.

दुसरा प्रश्न : ‘रॅम मोकळी करणारं, फोन फास्ट करणारं एखादं ॲप टाकलंय का?’ असेल तर ते काढायला सांगा. हे क्लीनर मागे बसलेली ॲप बंद करत फिरतात.

फोनची सेटिंग

ॲपच्या माहितीच्या पानावर बॅटरीचा वापर ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. बऱ्याच फोनमध्ये रिसेंट्समधल्या कार्डावर कुलपाचं चिन्ह लावता येतं, तेही लावा. काही कंपन्या मूळ ॲन्ड्रॉइडपेक्षा जास्त कडकपणे मागची ॲप मारतात, त्यांच्यावर याने फरक पडतो. फोनमधली जागा भरत आली आहे का तेही बघा, कारण जागाच नसेल तर काढलेला फोटो आणि मसुदा दोन्ही लिहिले जात नाहीत.

तुम्ही नुसते वापरकर्ते असाल तर तुमचं काम इथे थांबतं. फॅक्टरी रीसेट करू नका, ॲप काढून पुन्हा टाकू नका. त्याने दोष जात नाही आणि न पाठवलेल्या नोंदी मात्र जातात. ॲप बनवणाऱ्याला चार गोष्टी कळवा : फोनचं मॉडेल, ॲन्ड्रॉइडची आवृत्ती, ॲपची आवृत्ती, आणि ‘ॲप सोडून मी कुठे गेलो होतो’. चौथी सगळ्यात मोलाची. ‘कॅमेऱ्यात’ आणि ‘व्हॉट्सॲपवर’ या दोन उत्तरांमागची कारणं वेगळी असू शकतात.

दोष घडवून आणा

इथून पुढचं डेव्हलपरसाठी. दोष डोळ्यांसमोर घडल्याशिवाय एक ओळही बदलू नका.

डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ चालू करा, फॉर्म अर्धा भरा, होम दाबा, परत या. ही चाचणी सोपी आहे पण अर्धी आहे : त्यात स्क्रीन मरते, प्रोसेस जिवंत राहते. त्यामुळे सिंगलटनमध्ये (ॲपभर एकच असलेल्या, मेमरीतल्या वस्तूत) ठेवलेली माहिती टिकते आणि सगळं ठीक आहे असा भास होतो.

खरी चाचणी टर्मिनलमधून होते. ॲप उघडून दोन-तीन स्क्रीन आत जा, होम दाबा, मग ‘एडीबी शेल एएम किल’ (adb shell am kill, संगणकाला जोडलेल्या फोनला द्यायचा आदेश) आणि पुढे पॅकेजचं नाव. नंतर रिसेंट्समधून ॲप उघडा. होम दाबणं विसरू नका, कारण समोर असलेल्या ॲपला हा आदेश मारत नाही. याऐवजी फोर्स स्टॉप वापरू नका. तो तिसरा प्रकार झाला आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो.

यानंतर एकदा फोन आडवा-उभा, एकदा डार्क मोड चालू-बंद. मिळून पाच मिनिटं लागतात. प्रत्येक नवीन स्क्रीनवर ही पाच मिनिटं घालवली असती तर मला निम्मं कामच मिळालं नसतं.

मॅनिफेस्ट वाचा

कोडच्या आधी मॅनिफेस्ट (ॲपमध्ये कुठल्या स्क्रीन आहेत आणि त्या कशा उघडतात हे सिस्टिमला सांगणारी फाइल), कारण इथे एका शब्दाने दुरुस्ती होते.

मुख्य ॲक्टिव्हिटीचा (स्क्रीनचा) लाँचमोड ‘सिंगलटास्क’ आहे का? असेल तर आयकॉन दाबला की तिच्या वरच्या सगळ्या स्क्रीन उडतात. रिसेंट्समधून आलं तर उडत नाहीत. लक्षणांतला आयकॉन आणि रिसेंट्सचा फरक दिसला की मी सगळ्यात आधी हेच बघतो. ‘क्लिअर टास्क ऑन लाँच’चाही परिणाम असाच. ‘नो हिस्टरी’ लावलेली स्क्रीन तर सोडून गेलं की संपलीच. ओटीपीच्या पानावर कुणीतरी ‘सुरक्षेसाठी’ ते लावून ठेवतो आणि मग ओटीपी बघून परतणारा माणूस लॉगिनवर आपटतो.

याचा एक जुळा भाऊ आहे. एपीके (ॲपची फाइल) इन्स्टॉल झाल्यावर तिथलंच ‘ओपन’ दाबून ॲप उघडलं, होम दाबलं, मग आयकॉन दाबला, तर पहिली स्क्रीन जुन्या स्क्रीनवर पुन्हा चढते. ओळखायची खूण : बॅक दाबल्यावर हरवलेला फॉर्म खाली जसाच्या तसा सापडतो. यात विसरणं नाहीच, फक्त वर एक जादा पान आहे. पहिल्या ॲक्टिव्हिटीत, ती टास्कच्या (एकावर एक उघडलेल्या स्क्रीनच्या थप्पीच्या) मुळाशी नसेल आणि लाँचरकडून (होम स्क्रीनवरून) आली असेल, तर लगेच फिनिश करा. व्हॉट्सॲपवरून एपीके वाटणाऱ्या छोट्या संस्थांमध्ये हे हमखास दिसतं.

मॅनिफेस्टमध्येच ‘कॉन्फिगचेंजेस’ची (फोन फिरणं वगैरे बदलांत स्क्रीन पाडू नको असं सांगणारी) लांबलचक यादी किंवा स्क्रीन उभी लॉक केलेली दिसली तर समजा की आधीच्या कुणीतरी फोन फिरण्याचा दोष झाकून ठेवला आहे. झाकल्याने फक्त पहिला प्रकार लपतो, प्रोसेस मारली जाण्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही. शिवाय ॲन्ड्रॉइड १६ ला टार्गेट केलेल्या ॲपचं उभं लॉक मोठ्या पडद्यांवर सिस्टिम जुमानत नाही. टॅब्लेटवर ॲप आडवं होणारच, आणि झाकलेलं उघडं पडणार.

रकान्यांचे आयडी

एक्सएमएलचे लेआउट असतील तर ही तपासणी स्वस्त आहे आणि तिच्यात मजाही आहे. एडिटटेक्स्टमध्ये (टाइप करायच्या रकान्यात) लिहिलेलं सिस्टिम स्वतःहून जपते, पण त्या रकान्याला आयडी असेल तरच. नसेल तर कुठल्या नावाने जपायचं हेच तिला कळत नाही. त्यामुळे आयडी नसलेला रकाना कोरा आणि शेजारचा भरलेला, असं चित्र दिसतं.

आता ‘तिन्ही रकान्यांत एकच आकडा’. दूध संकलनाच्या ॲपमध्ये लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) असे तीन रकाने असतात. दिसायला तिन्ही सारखे, वर नाव आणि खाली आकडा, म्हणून डेव्हलपर एक कस्टम व्ह्यू बनवतो आणि तीनदा वापरतो. बाहेरच्या तिघांचे आयडी वेगळे, पण आतल्या एडिटटेक्स्टचा आयडी तिन्हींत तोच. सिस्टिम आयडीच्या नावाने जपते, तेव्हा लिटरवर फॅट लिहिलं जातं, फॅटवर एसएनएफ, आणि परत भरताना तिघांनाही शेवटचा आकडा मिळतो. १२ लिटर, ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ भरून फोन आडवा केला की तिन्हीकडे ८.५. कोऱ्या रकान्यापेक्षा हे जास्त धोक्याचं आहे. कोरा रकाना माणूस पुन्हा भरतो, ८.५ फॅट घाईत ‘सेव्ह’ होऊन शेतकऱ्याच्या बिलात जातं. दुरुस्ती : कस्टम व्ह्यूने आतल्या मुलांची अवस्था वेगवेगळी जपू द्यायची नाही, स्वतःच्या आयडीखाली एकत्र जपायची. पोटातल्या रकान्याला ‘सेव्ह एनेबल्ड’ बंद करून आकडा कस्टम व्ह्यूच्या स्वतःच्या अवस्थेत ठेवला तरी काम होतं.

आणि एक फसवा प्रकार. सिस्टिमने रकाना नीट भरून दिलेला असतो, पण ‘ऑनरिझ्यूम’मध्ये सर्व्हरवरून जुनी माहिती आणून तुमचाच कोड ती त्यावर ओततो. युजरने ज्या रकान्याला हात लावला आहे त्यावर सर्व्हरचं उत्तर कधीही लिहू नका.

कंपोजमध्ये (एक्सएमएलऐवजी कोडमध्येच स्क्रीन लिहायच्या पद्धतीत) लिहिलेलं ॲप असेल तर ‘रिमेंबर’ हा शब्द शोधा. तो फक्त स्क्रीन पुन्हा रंगवली जाण्यापुरतं लक्षात ठेवतो. फोन फिरवला तरी विसरतो. युजरने टाइप केलेलं, निवडलेलं, उघडून ठेवलेलं जे काही आहे तिथे ‘रिमेंबरसेव्हेबल’ पाहिजे. स्वतःचा डेटा क्लास असेल तर त्याला पार्सलेबल करा किंवा सेव्हर लिहून द्या.

फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह या ॲप बांधायच्या दुसऱ्या साधनांवाल्यांनी सिस्टिम स्वतःहून जपेल हे गृहीत धरू नये. फ्लटरमध्ये रिस्टोरेशन स्कोपचा आयडी ॲपला आणि रिस्टोरेशन आयडी रकान्याला दिल्याशिवाय प्रोसेस मेल्यावर काही परत येत नाही. रिॲक्ट नेटिव्हमध्ये कुठल्या स्क्रीनवर होतो हे स्वतः साठवून स्वतः परत द्यावं लागतं. आणि ॲप म्हणजे वेबव्ह्यूत (ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्ये) उघडलेली वेबसाइट असेल, तर फॉर्ममधला मजकूर वेबव्ह्यूच्या ‘सेव्हस्टेट’ने जपला जात नाही, वेब पानानेच तो लोकल स्टोरेजमध्ये ठेवायचा, आणि वेबव्ह्यूत त्यासाठी लागणारं डॉम स्टोरेज मुळात बंद असतं, ते चालू करायचं.

व्ह्यूमॉडेलवरचा आंधळा विश्वास

माझ्याकडे येणारी जास्तीत जास्त ॲप इथे अडलेली असतात. गूगलने २०१७ मध्ये व्ह्यूमॉडेल (स्क्रीनची माहिती स्क्रीनबाहेर ठेवणारा घटक) आणल्यावर फोन फिरवण्याचा त्रास सुटला, आणि अनेकांनी अवस्थेचा प्रश्नच सुटला असं मानलं. व्ह्यूमॉडेल पहिल्या प्रकारात टिकतं. दुसऱ्या प्रकारात ते प्रोसेसबरोबर जातं. युजरने भरलेली छोटी माहिती ‘सेव्हडस्टेटहँडल’मध्ये ठेवा, मग ती दोन्हींत टिकते.

सिंगलटन आणि स्टॅटिक व्हेरिएबल त्याहून वाईट. लॉगिनच्या पानावर एजंटचा नंबर सिंगलटनमध्ये भरला, तिथून यादी, तिथून वसुलीचं पान. प्रोसेस मेली. परत येताना ॲन्ड्रॉइड थेट वसुलीचं पान उघडतं. लॉगिनचा कोड पुन्हा चालतच नाही. सिंगलटन रिकामं, ॲप कोसळलं. कधीकधी ते कोसळल्यावर आधीच्या पानावर किंवा सुरुवातीला येतं, आणि युजर सांगतो की ‘ॲप आपोआप पहिल्या पानावर गेलं’. क्रॅश रिपोर्टमध्ये ‘नल’ची (रिकाम्या व्हेरिएबलची) तक्रार आणि ती फक्त कमी रॅमच्या फोनवर, हे दोन्ही जुळलं की शंका ठेवू नका.

नियम एकच पाळा : प्रत्येक स्क्रीन स्वतःच्या जपलेल्या आयडीवरून स्वतःला उभी करू शकली पाहिजे. खातेदाराचा आयडी जपा, बाकी माहिती डेटाबेसमधून आणा.

कॅमेऱ्याचा दोष याच घरातला. कॅमेरा भरपूर मेमरी खातो, त्यामुळे छोट्या फोनवर तो उघडताच मागचं तुमचं ॲप मारलं जातं. फोटो कुठे साठवायचा तो पत्ता साध्या व्हेरिएबलमध्ये असेल तर परत येईपर्यंत तो नल झालेला असतो. पत्ता जपा. निकाल घेणारं रजिस्ट्रेशनही बटण दाबल्यावर करू नका, स्क्रीन तयार होतानाच बिनशर्त करा. नाहीतर नव्याने उभ्या राहिलेल्या स्क्रीनला आलेला फोटो घ्यायला कुणी नसतं.

फ्रॅगमेंट (ॲक्टिव्हिटीच्या आत बसवलेला स्क्रीनचा भाग) वापरत असाल तर आणखी एक बघा : ‘ऑनक्रिएट’मध्ये फ्रॅगमेंट टाकण्याआधी ‘सेव्हडइन्स्टन्सस्टेट’ नल आहे का हे तपासलं आहे? नसेल तर सिस्टिमने परत आणलेल्या भरलेल्या फ्रॅगमेंटवर तुम्ही कोरा फ्रॅगमेंट ठेवता.

यादी वर उडी मारते

रिसायकलरव्ह्यू (लांब यादी दाखवणारा घटक) आपली जागा जपतो. पण परत येताना माहिती यायच्या आधी रिकामी यादी लावली गेली, तर जागा लावण्याची संधी त्या रिकाम्या यादीवर वाया जाते. ॲडॅप्टरची (यादीला माहिती पुरवणाऱ्या कोडची) रिस्टोरेशन पॉलिसी ‘प्रिव्हेंट व्हेन एम्प्टी’ करा. एका ओळीचं काम.

फार जपू नका

एकदा हे कळलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि अख्खी यादी, अगदी फोटोसुद्धा बंडलमध्ये (जपलेली अवस्था ज्यात ठेवली जाते त्या गाठोड्यात) कोंबतात. बंडल बाइंडरमधून (प्रोसेसमधून प्रोसेसमध्ये माहिती नेणाऱ्या वाटेने) जातं आणि त्याचा बफर एकूण १ एमबीचा, तोही प्रोसेसच्या सगळ्या व्यवहारांत वाटून घेतलेला. ॲन्ड्रॉइड ७ पासून मर्यादा ओलांडली की ॲप सरळ कोसळतं, आणि तेही होम दाबल्यावर, म्हणजे स्क्रीनवर काहीच चाललेलं नसताना. अवस्था ५० केबीच्या आत ठेवा असा गूगलचा सल्ला आहे. आयडी, टाइप केलेला मजकूर, कुठला टॅब उघडा होता, एवढं पुरतं.

ओटीपी, पिन, पासवर्ड, कार्डाचा नंबर मात्र मुद्दाम विसरा. त्या रकान्यांचं जपणं बंद करा. माझ्या मते बाकी सगळं जपणं हाच मूळ नियम असावा आणि विसरणं हा विचार करून घेतलेला निर्णय. ॲपलने २०११ च्या मॅक ओएस लायनमध्ये उघड्या खिडक्या पुन्हा जशाच्या तशा उघडण्याचा प्रघात पाडला. आपल्याकडचे फॉर्म अजूनही अनोळखी माणसासारखे वागतात.

मसुदा डेटाबेसमध्ये

हे सगळ्यात महाग काम, म्हणून शेवटी. युजरने ॲप फेकून दिलं, फोन बंद पडला, बॅटरी संपली, तरी टिकायला हवं असेल तर फॉर्म भरत असतानाच तो ‘रूम’मध्ये (ॲन्ड्रॉइडच्या डेटाबेस लायब्ररीत) मसुदा म्हणून लिहा. टाइप करणं क्षणभर थांबलं की लिहा, आणि ‘ऑनस्टॉप’मध्ये एकदा. ‘ऑनडिस्ट्रॉय’च्या भरवशावर राहू नका, प्रोसेस मारली जाते तेव्हा ते चालतंच असं नाही. परत उघडल्यावर मसुदा गुपचूप भरू नका. ‘सकाळची अर्धवट नोंद आहे, पुढे भरायची का?’ असं विचारा. संकलन केंद्रात एकाच फोनवर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा माणूस बसतो, तेव्हा मसुद्यावर वापरणाऱ्याचा आयडी आणि वेळ हवीच.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पैशाची नोंद दोनदा जात असेल तर थांबा. ॲपने अवस्था परत आणली आणि ‘पाठवा’ पुन्हा चाललं, तर पिग्मीची एकच पावती दोनदा जमा होते. ॲपमध्ये बटण करडं करून हे सुटत नाही. प्रत्येक नोंदीला फोनवरच एक अनन्य आयडी देऊन सर्व्हरने दुसरी नाकारायला हवी. त्याला सर्व्हरची बाजू बांधणारा माणूस लागतो, आणि तोवर मसुदा आपोआप पाठवणं बंद ठेवा.

डेटाबेसचा आराखडा बदलावा लागत असेल आणि लोकांच्या फोनमध्ये न पाठवलेल्या नोंदी असतील तरी थांबा. मायग्रेशन (जुना डेटा नव्या आराखड्यात नेणारा कोड) न लिहिता रकाना वाढवला की ॲप कोसळतं, आणि नेटवर पहिलं उत्तर ‘डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन’चं सापडतं. त्याने कोसळणं थांबतं, कारण जुना डेटाच पुसला जातो.

मसुदे एन्क्रिप्ट केलेले असतील आणि नव्या फोनवर बॅकअपमधून आल्यावर उघडत नसतील, तर प्रयोग करत बसू नका. कीस्टोअरमधली (फोनमधल्या किल्ल्यांच्या तिजोरीतली) किल्ली जुन्या फोनबाहेर जात नाही, त्यामुळे मसुदे आले तरी किल्ली आलेली नसते. जुना फोन फॉरमॅट न करता बाजूला ठेवा आणि सुरक्षेचं काम जाणणाऱ्याला दाखवा.

बोलावलेल्या माणसाला ‘कधीकधी होतं’ एवढंच सांगू नका. कुठल्या फोनवर, ‘एएम किल’नंतर घडतं की फोन फिरवल्यावर, आयकॉनने उघडल्यावर की रिसेंट्समधून, आणि त्या वेळचा लॉगकॅट (फोनने टिपलेली घडामोडींची नोंद), एवढं हातात द्या. तासावर पैसे घेणारा असेल तर निम्मे तास इथेच वाचतात.